घोंगडीवाल्याचा ताणा

ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि हलू नये असेच मला वाटते. ‘माजी पोलीस अंमलदार’ म्हटले की वाचक काठी टेकत येणारा कुणी पेन्शनर डोळ्यांपुढे आणतात. मी तसा नाही. लोक ज्या वयात नोकरीला चिकटतात त्या वयात मी ती सोडली. आता मी पत्रके लिहितो, गाळेवाल्यांविरुद्ध सभा भरवतो, आणि माझी भाषा फार कडक आहे अशी तक्रार ऐकतो. असेल कडक. भाडेकरूच्या पोटावर पाय देणाऱ्याला मऊ शब्द कुठून आणू? पण ही हकिगत लिहायला बसलो की भाषा आपोआप ओलसर होते, कारण ते सारे मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवते. नावे कुणाचीच देत नाही.

मुळशीकडे माझी नेमणूक झाली तेव्हा मी कोरा करकरीत फौजदार होतो. खोऱ्यात वर धरणाचे काम चालले होते, जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून गावे पेटली होती, आणि आमच्या ठाण्यातले निम्मे शिपाई कायम तिकडे बंदोबस्ताला. उरलेले ठाणे झोपाळू. सकाळी हजेरी, मग बंदुका पुसणे, मग रोजनाम्यात ‘हद्दीत शांतता’ असे लिहून शाई वाळत घालणे. हे प्रकरण घडले ते मार्गशीर्षाचे दिवस होते. भाताची कापणी उरकलेली, खाचरांत नुसती धसकटे, आणि त्यांच्यावर धुके असे बसलेले की रस्त्याने बैलगाडी निघाली तर आधी फक्त शिंगे पुढे सरकताना दिसत. बैल मागाहून उगवत. दहा वाजेपर्यंत कोणतीही वस्तू आपल्या जागी आहे अशी खात्री देता येत नसे. अशा मुलुखात पोलिसाने डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये. मी ठेवला.

उरवड्याच्या फाट्यावर एका मालकाचे सात गाळे होते. मालक चांगल्या शेतकरी घराण्यातला. गाळे बापाने बांधलेले, ह्याने त्यात एक वीटही घातली नव्हती. धरणाच्या कामामुळे रस्त्याला वर्दळ वाढली आणि त्याला एकाएकी साक्षात्कार झाला की आपले गाळे स्वस्तात जातात. त्याने सगळ्यांचे भाडे दुप्पट केले. सहा जणांनी कुरकुरत मान्य केले. सातवा होता घोंगडीवाला.

त्याला सगळे तात्या म्हणत. पन्नाशी उलटलेला, बायको वारलेली, बोलणे इतके हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावे लागे. गाळ्यातल्या जमिनीत कमरेइतका खड्डा. त्यात पाय सोडून तो बसायचा, पायांनी पावड्या दाबायचा, आणि समोरच्या मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतून धोटा इकडून तिकडे फेकायचा. त्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात, आणि ते ज्या दातेरी चौकटीतून ओवलेले असतात तिला फणी. दाराच्या फटीतून ऊन आले की हवेत लोकरीची कुसे तरंगत, आणि त्यात बसलेला तात्या मला पाण्याखाली बसल्यासारखा दिसे. गस्तीवर असताना मी उगाच तिथे थांबत असे. आमचे म्हातारे हवालदार म्हणायचे, “सायेब, पाय गुततील तितं. माणूस बसला की उठत न्हाई.”

तात्याला तो गाळा सोडता येत नव्हता, आणि मालकाला हे पक्के ठाऊक होते. हे खोरे पावसाचे. कुठेही खड्डा घ्या, आषाढात त्यात गुडघाभर पाणी झिरपते. फाट्यावरचा तो उंचवटा मुरमाचा, म्हणून फक्त तिथला खड्डा बारा महिने कोरडा. खड्डा नाही तर माग नाही, माग नाही तर तात्या नाही. असा माणूस हेरून त्याचे भाडे दुप्पट करणे याला व्यापार म्हणतात. वाटेत अडवून लुटले असते तर मी त्याला बेड्या घातल्या असत्या.

भाडे वाढवले तेव्हा तात्या पंचांकडे गेला होता. मागावर ताणा असताना विणकराला उठवायचे नाही, अशी तिकडची जुनी रीत. जेवत्या ताटावरून कुणाला उठवत नाहीत तसे. पंचांनी देवळात बसून ठरवले, ‘हा ताणा मागावरून उतरेपर्यंत जुने भाडे. उतरला की नवे द्यावे, नाहीतर गाळा सोडावा.’ मालकाने हसत मान डोलावली. फार तर वीस दिवसांचा प्रश्न आहे असे त्याला वाटले.

चौदा महिने झाले. ताणा उतरला नाही. घोंगड्या विणल्या जात होत्या, गिऱ्हाइके नेत होती, आणि ताणा आपला मागावरच. कसा, हे मी कधी विचारले नाही. मालकाची जिरली एवढ्यावर मी खूश होतो.

मग एके दिवशी खबर आली. आणणारा शेजारच्या गाळ्यातला न्हावी. ठाण्याच्या पायरीवर बसून तो आधी हवालदारांशी हवापाण्याचे बोलला. खबऱ्यांची ही तऱ्हा असते, खरे सांगायचे असेल तर आधी पिकाचे बोलतात. शेवटी म्हणाला,

“सायेब, म्या सांगितलं म्हून कुटं बोलू नका. मालकाचा कारभारी काल दाढीला बसला हुता. म्हन्ला, तात्याचा ताणा काय आपसुक उतरायचा न्हाई. आता हात लावावा लागंल.”

“कुणाचा हात?”

“ते न्हाई बोलला. वस्तरा गळ्यावर असला की मानूस कमीच बोलतंय.”

मी त्याच क्षणी प्रकरण मनातल्या मनात लिहून काढले. आरोपी ठरला, हेतू ठरला, गुन्हा तेवढा घडायचा राहिला होता. चौथ्या दिवशी सकाळी न्हावी धुक्यातून पळत आला. “कापलं, सायेब! तात्याच्या मागावर कुनीतरी कोयता चालवला!”

मी दोन शिपाई, हवालदार आणि लाखेची कांडी घेऊन निघालो. गाळ्यात तात्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, हात मांडीवर. पुढच्या दांड्यावर गुंडाळलेली घोंगडी नाहीशी झाली होती. मागावरच्या फणीतून शेकडो धाग्यांची कापलेली टोके आमच्या बाजूला लोंबत होती, आणि दारातून वारा आला की एकदम सगळी हलत होती. इतकी शांत, सुंदर दिसत होती ती, की गुन्ह्याची जागा आहे याचा क्षणभर विसर पडला.

“तात्या, कुणी केलं हे?”

“कुनी न्हाई, सायेब.”

“कुणी नाही? आपोआप तुटलं?”

“तुटलंय कुटं? ताणा जाग्यावर हाय. घोंगडं त्येवडं गेलं.”

मी हवालदारांकडे पाहिले. म्हाताऱ्याला धक्का बसला आहे, किंवा भीतीने तो काहीबाही बोलतो आहे. मी माझा सगळा दिलासा आवाजात आणून म्हटले, “घाबरू नका. सरकार तुमच्या पाठीशी आहे. कुणाचं नाव घ्यायला भिऊ नका.”

“सायेब, मला खबर द्यायचीच न्हाई.”

भ्यायलेला माणूस खबर द्यायला नको म्हणतो हे आम्हाला पोलिसांच्या शाळेत शिकवले होते. लाजलेला माणूसही नको म्हणतो, हे शिकवले नव्हते.

तेवढ्यात दारात मालक उभा. अंगावर शाल, तोंडात पान. तो आत आला नाही. चौकटीला टेकून अगदी आदराने म्हणाला, “सायेब, पुराव्याचं काम हाय. नीट सांभाळा. आर्दं आर्दं ठिवू नका हितं.”

माझे डोके फिरले. हा मला खिजवतो आहे! “अर्धं कशाला? सगळंच नेतो,” मी म्हणालो, “आणि ते कुणाच्या दारापर्यंत पोचतं तेही तुम्हाला दाखवतो.”

“दाखवा की,” मालक म्हणाला.

मी पंचनाम्याला सुरुवात केली. न्हावी आणि समोरचा वाणी असे दोन पंच घेतले. शिपायांना सांगितले, फणी, काठ्या, धागे, सगळे मागावरून काढा, एकही टोक इथे राहता कामा नये. तेव्हा तात्या प्रथमच मोठ्याने बोलला. त्याने खड्ड्यातून वर वाकून माझी बाही धरली.

“सायेब, फणीला हात लावू नका. पाया पडतो तुमच्या. चार दीस थांबा.”

“पुरावा चार दिवस थांबत नाही, तात्या.”

“आवो, ऐका तरी...”

“तुमच्याचसाठी चाललंय हे!”

शिपायांनी धागे ओढले, घडी घातली, बोचके बांधले. मी गाठीवर लाख वितळवून शिक्का उठवला, चिठ्ठी डकवली, पंचांचे अंगठे घेतले. निघताना वळून पाहिले तर तात्या अजून खड्ड्यातच होता. पाय पावड्यांवर होते, समोर काही नव्हते.

कारभाऱ्याला मी दोन दिवस ठाण्यात बसवला. जबाब घेण्याचे माझे एक तंत्र होते. तोच प्रश्न सकाळी विचारायचा, दुपारी विचारायचा, मध्ये भरपूर गप्प बसायचे. खोटे बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही, तो तीत काहीतरी भरायला लागतो. हा कारभारी काहीच भरीना. विडी मागायचा आणि जांभई द्यायचा.

“हात लावावा लागेल, असं तू बोललास की नाही?”

“बोललो की. मला पुन्याला वकिलाकडं धाडायचं हुतं मालकाला. कोर्टाचा हात, सायेब. माजा न्हवं.”

“घटनेच्या दिवशी कुठे होतास?”

“पुन्यातच. वकिलाच्या पायरीवर. इचारा.”

मी माणूस पाठवून विचारले. खरे निघाले. जाता जाता कारभारी म्हणाला, “मी कशाला कोयता घीन? मालक म्हनायचा, थांब. आपुन काय करायचं न्हाई. कुनीतरी करंलच.” मला ते बोलणे तेव्हा उर्मट वाटले. आता ते आठवले की अंगावर काटा येतो.

पंचनाम्यानंतर पाचव्या दिवशी बाजार होता. ठाण्यासमोरून कोकणात उतरणारी मेंढरे चालली होती. धुक्यात धुकेच चालत जावे तसा तो कळप, नुसता खुरांचा आवाज आणि मधूनच एखादे काळे तोंड. मागून एक धनगरीण येत होती, आणि तिच्या खांद्यावर कोरे काळे घोंगडे. त्याच्या दशांना गाठी मारलेल्या नव्हत्या. टोके नुकती कापल्यासारखी उघडी होती.

“बाई, थांबा. हे घोंगडं कुठलं?”

“माज्या मेंढरांचं.”

“विणलं कुणी?”

“तात्यानं.”

“दिलं कुणी?”

“कुनी न्हाई दिलं. म्या आनलं. इळ्यानं कापून.” तिने कमरेचा विळाच दाखवला. चोर असे बोलत नाही, हे एवढ्या नोकरीत मला समजले होते. मी तिला पायरीवर बसायला सांगितले. बसली नाही, उभ्यानेच बोलली.

“वैशाखात लोकर दिली. म्या माज्या हातानं कातून दिली. दिवाळीला ईणून झालं, तवापासनं दांड्यावर गुंडाळून ठिवलंय. मागाया गेलं की म्हनायचा, आक्का, कारभारी दारात बसून असतुया, कात्री लागली की पंच बोलावतो म्हनतो. आजून थोडं थांब. किती थांबू? आज आमी घाट उतरनार. सासरा खोकून खोकून अर्दा झालाय. त्याच्या अंगावर काय घालू, तुमच्या मालकाचा करार?”

“म्हणून तुम्ही ताणा कापलात.”

ती हसली. कळपाकडे पाहून, जणू मेंढरांनाही हे ऐकवावे. “ताणा? आवो सायेब, म्या माजं घोंगडं कापलं. फनीम्होरं येवडं सूत सोडून कापलं. त्या टोकाला तात्या नवं सूत गाठीनं जोडतोय, धाग्याला धागा. फनीत सूत हाय तवर ताणा हाय. पिढ्यानपिढ्या असंच चालतंय. तुमाला ठावं न्हाई?” मग तिने विचारले, “झालं असंल न्हवं जोडून आतापावतर? चार दीस लागत्यात.”

हवालदार मान फिरवून बोचके ठेवलेल्या मालखान्याच्या बंद दाराकडे पाहू लागले.

असा तो ताणा चौदा महिने टिकला होता. तात्या घोंगडी कापायचा, फणीत राहिलेल्या शेपटाला नवा ताणा एकेक गाठ मारून सांधायचा, आणि माग कधी रिकामा पडू द्यायचा नाही. पुढे कारभारी दारात ठाण मांडून बसला म्हणून त्याने भिऊन कापणेच बंद केले, आणि त्याची भीती ह्या बाईच्या खांद्यावर गेली. मालकाने तात्याला दाबले, तात्याने तिला. तात्या तिचे नाव घ्यायला लाजत होता, कारण घोंगडे तिचे होते आणि अडवून त्याने ठेवले होते. आणि ताणा कुणी उतरवला? कोयत्याने नाही, विळ्याने नाही. तो मी उतरवला होता. पंचांसमक्ष, शिक्का मारून.

मी तिला सोडून दिले. बोचके उचलले आणि धावत फाट्यावर गेलो. मालकाने पंच आधीच देवळात बसवले होते. मी गणवेशातच उभा राहिलो आणि सगळे सांगितले. ताणा तात्याने उतरवला नाही, पोलिसांनी उतरवला, चूक माझी आहे.

मालकाने मला हात जोडले. “सायेब खरं बोलले. उतरला म्हनत्यात न्हवं? कुनी उतरवावा, ह्ये कुटं ठरलं हुतं?”

“तुम्हाला हे त्या दिवशी माहीत होतं!” मी ओरडलो. “तुम्हीच मला म्हणालात, सगळं घेऊन जा!”

“म्या म्हनलं, नीट सांभाळा. फौजदार तुमी का म्या?”

देवळात दोघेतिघे हसले. मी पंचांतल्या वडीलधाऱ्यांकडे वळलो. ते खांबाकडे पाहत म्हणाले, “सायेब, मालकानं तोडला असता तर आमी मालकाला धरलं असतं. चोरानं नेला असता तर थांबलो असतो. पर त्यो सरकारनं उतरवला. सरकारच्या वर आमी कोन?”

तात्या कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्यापुढे बोचके सोडले. घडी घालताना निम्मे धागे फणीतून निसटले होते. चिंचोक्याच्या खळीने कडक केलेले सूत दुमडीवर जागोजागी मोडले होते. त्याने एक धागा बोटावर घेतला, वाकवला, खाली ठेवला.

“ह्ये आता नवं घालावं लागंल,” तो म्हणाला. म्हणजे नवा ताणा. म्हणजे नवे भाडे.

आठ दिवसांत त्याने गाळा सोडला. त्या गाळ्यात आता चहाचे दुकान आहे. खड्डा बुजवून वर फरशी टाकली आहे.

वाचकांना विचारतो, ह्यात गुन्हेगार कोण? मी कायद्याचे पुस्तक त्या आठवड्यात पहिल्या पानापासून वाचले. विळ्याने आपले घोंगडे कापून नेणाऱ्या बाईला त्यात दोन कलमे सापडली. चार कलमे मी कारभाऱ्याला लावायला काढून ठेवली होती. आणि ज्याने बसल्या जागी एका कसबी माणसाची कोरडी जमीन पायाखालून काढून घेतली, त्याला एकही कलम नाही. एकही नाही! तो कायद्यातला सगळ्यांत सभ्य माणूस. ही गोष्ट मी सभांतून ओरडून सांगतो आणि ओरडत राहीन.

पण ती अर्धीच गोष्ट आहे, आणि उरलेली अर्धी सांगायला मला जड जाते.

पुढच्या आषाढात मी रिहे गावाच्या बाजूला तात्याचा पत्ता काढत गेलो. एका शेतकऱ्याने त्याला गोठ्याची पडवी दिली होती. खोरे ढगात बुडालेले, सगळीकडे पाणी टिपकत होते, आणि दूर कुणीतरी औताच्या बैलांना हाका मारत होते, पण औत दिसत नव्हते. तात्याने पडवीत खड्डा घेतला होता. तो पाण्याने भरला होता, आणि तात्या काठावर बसून लोटक्याने पाणी बाहेर टाकत होता. माग भिंतीला उभा करून ठेवलेला.

मी माफी मागितली. तयार करून आणलेली, चांगली लांबलचक माफी होती. त्याने ती पुरी होऊ दिली, पाणी उपसतच.

“तुमी वाईट न्हाई, सायेब,” तो म्हणाला. “तुमी माजी बाजू घेतली, ह्ये मला तवाच कळत हुतं. पर तुमी माज्याकडं बघतच नव्हता. बोलत माज्यासंगं हुता आन डोळं सारं मालकाकडं.”

मी खाली बसलो आणि दुसरे लोटके घेतले. दुपारपर्यंत आम्ही दोघे उपसत होतो. जितके बाहेर टाकावे तितके आतून येत होते, शांतपणे, घाई न करता. तात्या मधेच म्हणाला, दसऱ्यानंतर आटेल. मग सात-आठ महिने विणता येईल. बाकीचे महिने तो लावणीला मजुरीने जाणार होता. ज्या हातांनी शेकडो गाठी डोळे मिटून मारल्या ते हात चिखलात.

राजीनामा मी त्याच महिन्यात दिला. वरिष्ठांनी कारण विचारले तर ‘प्रकृती’ असे लिहिले, कारण खऱ्या कारणाला रकाना नव्हता. त्या प्रकरणाने मला अन्यायावर चिडायला शिकवले असे लोक समजतात. चिडायला मला आधीपासून येत होते. चिडलेल्या माणसाला शत्रू स्पष्ट दिसतो आणि ज्याच्यासाठी तो चिडला तो माणूस धुक्यात राहतो, हे मी तिथे शिकलो. गाळेवाल्यांविरुद्ध मी आजही एक शब्द मऊ करत नाही. पण पत्रक लिहिण्याआधी भाडेकरूच्या गाळ्यात जाऊन दोन दिवस नुसता बसतो. त्याचे काम कसे चालते ते विचारतो, आणि समजले नाही तर पुन्हा विचारतो. आमचे तरुण कार्यकर्ते यावर कंटाळतात, वेळ जातो म्हणतात. जाऊ द्या.